पावसाळी घाट आणि स्वाराचे हात

पर्जन्यकाळी सह्याद्रीची शोभा पाहावयास जाण्याची हौस आता आपल्याकडे घरोघर शिरली आहे. आषाढ लागला, आभाळ भरून आले, की पुण्यामुंबईकडील तरुण मंडळींस घाट खुणावू लागतात. आणि घाट म्हटला म्हणजे मोटारीच्या काचेआडून तो पाहण्यापेक्षा दुचाकीवर बसून, वारा आणि पाऊस अंगावर घेत तो चढावा, असे त्यांस वाटते. एके काळी जिला लोक कौतुकाने फटफटी म्हणत, ती मोटारसायकल आता कौतुकाची वस्तू राहिलेली नाही. मुलगा तिच्यावरून कचेरीस जातो, मुलगी स्कूटरवरून महाविद्यालयात जाते, आणि सूनबाई तिच्यावरूनच भाजी व वडिलांची औषधे घेऊन येतात. अशा घरांतील वडीलधारी माणसे मुले सहलीस निघाली म्हणजे एवढेच बजावतात, की शिरस्त्राण घाला आणि सावकाश जा. उपदेश योग्यच आहे. परंतु सावकाश जाणे, वेळेवर थांबणे आणि वळणावर गाडी आवरणे ही तिन्ही कामे ज्यांच्या स्वाधीन असतात, त्या दोन हातांविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. पुण्याहून वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि तेथून आंबेनळी घाटाने पोलादपूर, या एका वाटेच्या आधाराने त्या हातांचा विचार येथे करावयाचा आहे.

पुण्याहून महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर. कात्रजचा डोंगर ओलांडावा, शिरवळापाशी नीरा नदी उतरून सातारा जिल्ह्यात शिरावे, खंबाटकीचा घाट चढावा आणि सुरूरच्या फाट्याहून उजवीकडे वळून वाईस यावे, हा नित्याचा मार्ग. या टापूतील पाऊस खोडकर असला तरी दुष्ट नव्हे. एखादी सर येते, पुढे चार कोस रस्ता कोरडा लागतो, शेतांतून बाजरीची आणि घेवड्याची कोवळी हिरवळ दिसते. वाईस पोहोचावे तो कृष्णामाईचे पात्र गढूळ पाण्याने भरलेले असते. सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधविलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळामागील माशाच्या आकाराची भिंत पुराच्या लोंढ्यास दुभंगून वाट देण्यासाठीच रचलेली आहे, हे अशा दिवशी प्रत्यक्ष पाहावे. येथेच केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा, आणि येथेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी आरंभिलेले मराठी विश्वकोशाचे कार्य. घाटावर घटकाभर बसावे, दर्शन घ्यावे आणि पुढे निघावे, असे कोणासही वाटेल.

तथापि वाईच्या या सौम्यपणानेच पुष्कळांची फसगत होते. येथवर हात ओले झाले, वाऱ्याने वाळले, पुन्हा ओले झाले; त्यात दुःख काहीच नव्हते. म्हणून हातमोजे पिशवीच्या तळाशीच राहतात, किंवा घातलेले असले तर भिजून चिंब झालेले तेच पुढेही हातांत राहतात. वास्तविक खरा पावसाळा अद्याप सुरूच झालेला नसतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर पाचगणी जवळजवळ १,३०० मीटरांवर आहे. मधला पसरणीचा घाट अवघा बारा-तेरा किलोमीटरांचा. पण तेवढ्यात स्वार सहाशे मीटर वर चढतो आणि हवा तीन-चार अंशांनी गार होते. पावसाचा फरक तर याहून मोठा. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वीस किलोमीटर अलीकडील पाचगणीस त्याच्या सुमारे एक तृतीयांश, आणि खाली वाईस त्याहूनही पुष्कळच कमी. म्हणजे तासाभराच्या प्रवासात मनुष्य जणू तीन निरनिराळ्या मुलखांतून जातो, आणि अंगावर मात्र पहिल्याच मुलखाचा पोशाख असतो.

आता या बदलाचा हातांवर काय परिणाम होतो, ते पाहू. आपल्या हाताभोवती स्थिर हवेचा एक पातळ थर असतो. तो उष्णता सहसा बाहेर जाऊ देत नाही. पाणी मात्र स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट उष्णता वाहून नेते. हातमोजा भिजला, की हवेची जागा पाणी घेते, आणि जे वस्त्र ऊब धरण्यासाठी घातले तेच ऊब घालविण्याचे साधन होऊन बसते. त्यात वारा. मातीच्या माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ओला हात वाऱ्यात गार होतो. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी उष्णता पुरते. पण एक ग्रॅम पाण्याची हाताच्या उष्णतेने वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात, आणि ती सर्व त्वचेतून जाते. पावसाळी हवा दमट असल्यामुळे वाफ कमी होते हे खरे. पण हात हवेहून उष्ण असतो आणि गाडीच्या वेगाने वारा अखंड लागतो, म्हणून ही गळती थांबत नाही.

शरीराची रचनाही येथे हातांच्या विरुद्ध जाते. बोटे हलविणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपराखालील बाहूत असतात. तेथून लांब दोऱ्यांसारख्या शिरा बोटांपर्यंत येतात आणि त्यांच्या ओढीने बोटे मिटतात. स्नायू नाहीत म्हणून बोटांत स्वतःची उष्णता जवळजवळ निर्माण होत नाही. ती रक्ताबरोबर बाहेरून यावी लागते. आणि थंडी वाजू लागली, की शरीर प्रथम तेच रक्त आखडते. टंचाईच्या दिवसांत घरचा कर्ता पुरुष जसा आधी माजघरातील कोठाराची काळजी घेतो आणि ओसरीवरचा खर्च कमी करतो, तसे शरीर हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांची ऊब राखण्यासाठी हातापायांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्वचेचे तापमान वीस अंशांच्या आसपास आले, की बोटांची चपळाई कमी होऊ लागते. पंधरा अंशांखाली ती झपाट्याने जाते. महाबळेश्वरी श्रावणात हिमालयाची थंडी नसते, बहुधा सतरा ते वीस अंश हवा असते. परंतु म्हणूनच ही थंडी अधिक कपटी. ती झोंबत नाही, दुखवीत नाही. हळूहळू हात जड करते आणि स्वारास त्याचा पत्ताही लागू देत नाही.

पाचगणीचा टेबललँड या दिवसांत धुक्यात हरवलेला असतो. १८२८ मध्ये सर जॉन माल्कम याने महाबळेश्वरी गोऱ्या लोकांसाठी थंड हवेचे ठाणे वसविले खरे, परंतु पावसाळ्यात तेथे राहणे त्यांस दुःसह होई. म्हणून पुढे जॉन चेसन याच्या खटपटीने पाचगणीची वसाहत उभी राहिली, हा इतिहास पुष्कळांस ठाऊक असेल. महाबळेश्वरी राहणारे लोक पावसाळ्यापूर्वी घरांच्या भिंतींस गवताच्या ताट्या बांधून ठेवीत. जेथे दगडी भिंतींसही पांघरूण घालावे लागे, तेथे आपली मुले उघड्या बोटांनी जातात, हे विचार करण्याजोगे आहे.

या दोन गावांच्या दरम्यान रस्त्यालगत चहाच्या पुष्कळ टपऱ्या आहेत. तेथे पाहिलेला एक प्रसंग सांगण्यासारखा वाटतो. तीन-चार दुचाकींवरून आलेली मुलामुलींची टोळी टपरीपाशी थांबली. त्यांतील एक मुलगी शिरस्त्राणाचा पट्टा सोडू पाहत होती. पण दोन्ही हातांची बोटे पांढरी पडलेली, आणि हनुवटीखालची ती लहानशी कळ काही केल्या तिला दाबता येईना. बरोबरीची मंडळी हसू लागली, ती स्वतःही हसली. टपरीवरील मावशी चुलीपुढून उठल्या, पदरास हात पुसून त्यांनी तो पट्टा सोडविला, आणि तिचे हात आपल्या हातांत धरून म्हणाल्या, "पोरी, एवढा पट्टा सुटंना तुझ्यानं, आन् घाटात गाडी कशी आवरशील गं?" हसणे तेथेच थांबले. टोळीने चहा घेतला, चुलीजवळ दाटीवाटीने तासभर बसून काढला, आणि मगच गाड्या चालू केल्या.

मावशींच्या प्रश्नात या सर्व विषयाचे मर्म आहे. मोटारसायकलीच्या उजव्या मुठीत वेग असतो आणि तिच्यापुढे पुढील चाकाचा ब्रेक. डाव्या मुठीपुढे क्लच. गाडी थांबविताना भार पुढे झुकतो, म्हणून थांबविण्याच्या कामात पुढील ब्रेकाचाच वाटा मोठा. स्कूटरवर तर पायाने दाबावयाचा ब्रेक बहुधा नसतोच. दोन्ही ब्रेक बोटांच्याच स्वाधीन. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १० मीटर जाते. बधिर बोटांनी मूठ आवळण्यास एक सेकंद अधिक घेतला, तर गाडी एका दुमजली घराच्या उंचीहून अधिक अंतर वाऱ्यावर सोडल्यासारखी जाते. आणि घाटातील वळणाला तेवढी सवड नसते. शिवाय बधिर हातास दाब किती पडला ते कळत नाही, त्यामुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक एकदम करकचून लागण्याचे भय. २०१९ पासून आपल्याकडे १२५ घनसेंटिमीटरांवरील नव्या दुचाकींस चाक अडकू न देणारी ब्रेकयोजना सक्तीची झाली आहे, ही गोष्ट उत्तम झाली. परंतु ती योजना चाक सांभाळते. ब्रेक दाबावयाचा तो बोटांनीच.

यावर उपाय शोधताना प्रथम याच डोंगरांतील लोकांकडे पाहावे. मावळात आणि कोकणात भातलावणीच्या वेळी लोक डोक्यापासून पाठीवर इरले घेतात. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे ते छप्पर पाणी बाहेरच्या बाहेर काढून देते आणि दोन्ही हात कामास मोकळे ठेवते. धनगर घोंगडीची खोळ करून पावसात उभा राहतो. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी पोटात घेऊनही हातास ओला लागत नाही, आणि ती भिजली तरी तिच्या कुरळेपणामुळे थोडीशी हवा तिच्यात अडकून राहते. सुताचे मात्र तसे नाही. इरल्याचे काम पाणी अडविणे, घोंगडीचे काम ऊब धरणे. ही दोन कामे निरनिराळ्या वस्त्रांकडे द्यावीत, एकाच वस्त्राकडून दोन्हींची अपेक्षा करू नये, हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे बाकी सर्व सोपे होते.

या सूत्राप्रमाणे आत लोकरीचा किंवा रेशमाचा पातळ, कोरडा हातमोजा असावा आणि बाहेर पाणी न शिरू देणारा. केवळ चामड्याचे हातमोजे पडल्यावर हात राखतात, पण दीर्घ पावसात ते पाणी पितात. १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणून सूक्ष्म छिद्रांचा एक पडदा तयार केला. त्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. अशा पडद्याचे अस्तर असलेले हातमोजे आता मिळतात, मात्र ते महाग असतात. ज्यांस ते परवडत नाहीत, त्यांनी भांडी घासण्याचे रबरी हातमोजे एक माप मोठे घेऊन लोकरीच्या मोज्यांवरून चढवावेत. अथवा वैद्यांच्या उपयोगाचे पातळ मोजे आत घालून वर नेहमीचे चामडी मोजे घालावेत. दिसावयास हे शोभिवंत नाही, परंतु लहान अंतरास चांगले उपयोगी पडते. घरून निघण्यापूर्वी गाडी उभी असतानाच ब्रेक व क्लच दाबून पाहावे; मूठ निसटत असेल किंवा जाडीमुळे बोटे पोहोचत नसतील, तर तो हातमोजा घरीच ठेवावा. फार घट्ट हातमोजाही नको, कारण त्याने रक्त अडते आणि आत हवेस जागा राहत नाही.

दुसरी गोष्ट मनगटाची. पुष्कळांचे हातमोजे बोटांतून गळत नाहीत, ते मनगटावरून भरतात. साधारणतः स्वाराचे हात खांद्यांहून खाली असतात. खांद्यावरचे पाणी रेनकोटाच्या बाहीवरून उतरते. बाही हातमोज्यात खोचलेली असली, तर सगळा ओघ पन्हळीतून घागरीत पडावा तसा मोज्यात उतरतो. म्हणून हातमोजा आत आणि बाही त्यावरून घ्यावी, आणि बाहीचे तोंड पट्टीने आवळावे. ज्या गाडीचे हँडल उंच असते तेथे मात्र पाणी उलट कोपराकडे वाहते. तेथे मोज्याचे तोंड बाहीवरून घ्यावे.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: हात उबदार ठेवावयाचे तर आधी छाती, मान आणि बाहू उबदार ठेवावे लागतात. रेनकोटाच्या आत लोकरीचा स्वेटर आणि गळ्याभोवती रुमाल असला, तर शरीरास काटकसर करण्याचे कारण उरत नाही आणि रक्त बोटांपर्यंत येत राहते. छाती भिजलेली असेल, तर सर्वांत महाग हातमोजेही निरुपयोगी ठरतात. याखेरीज हँडलास पुढून ढाल बसविता येते. उत्तर भारतात हिवाळ्यात लोक हँडलावर गवसणीसारखे आवरण चढवितात, तेही चांगले. मात्र त्यातून हात चटकन बाहेर निघाला पाहिजे. विजेने तापणाऱ्या मुठीही आता मिळतात. त्या तळहातास ऊब देतात. पण वारा बोटांच्या पाठीवर बसतो, म्हणून ढालीवाचून त्यांचा उपयोग अर्धाच.

आणि शेवटी, हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत. दुसरा जोड मेणकापडात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून ठेवावा आणि वाईस नव्हे, पाचगणीस बदलावा. भिजलेल्या जोडात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो वाऱ्यावर टांगावा; चुलीजवळ ठेवल्यास चामडे आखडते.

महाबळेश्वराहून प्रतापगडाच्या पायथ्यावरून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट ही या सर्व तयारीची परीक्षा. चढताना हात गारठतात, आणि त्यांची खरी गरज लागते उतरताना. सुमारे चाळीस किलोमीटरांच्या या वाटेवर वळणामागून वळण, वर कडा, खाली सावित्रीचे खोरे, आणि मध्येच रस्त्यावर उतरलेले माती-दगड. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हा घाट ठिकठिकाणी खचला व दीर्घकाळ बंद राहिला. अशा वाटेस लागण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करावी, गाडीवरून उतरावे आणि एक साधी कसोटी घ्यावी: प्रत्येक हाताचा अंगठा त्याच हाताच्या करंगळीस सहज लावून पाहावा. तो लागत नसेल, किंवा लागला तरी स्पर्श कळत नसेल, तर तो हात अद्याप उतारास योग्य नाही. मग दोन्ही बाहू खांद्यापासून गोल फिरवावेत, म्हणजे रक्त बोटांच्या टोकांकडे जाते. हात काखेत धरावेत. गरम चहा घ्यावा. तापलेल्या इंजिनावर हात धरू नयेत, कारण बधिर कातडीस भाजल्याचे कळत नाही. तंबाखू व विडीने रक्तवाहिन्या आणखी आकुंचित होतात. आणि मद्याने क्षणभर ऊब वाटली तरी अंगातील उष्णता उलट लवकर निघून जाते, शिवाय गाडी चालविणाऱ्यास ते वर्ज्यच.

घाट उतरून पोलादपूरच्या बाजूस आले, की हवा कोमट होते, धुके वर राहते, आणि भाताच्या खाचरांतून इरली घेतलेली माणसे ओणवी होऊन लावणी करताना दिसतात. त्यांचे हात दिवसभर चिखलपाण्यातच असतात, तरी बोटे लगबगीने चालतात. कारण पाठ झाकलेली असते, अंग कामाने तापलेले असते, आणि वारा पाठीशी वेगाने धावत नसतो. स्वार मात्र निश्चल बसलेला असतो आणि वारा तो स्वतःच निर्माण करीत असतो. म्हणूनच त्याला जी ऊब कष्टाने मिळत नाही, ती तयारीने मिळवावी लागते.

या तयारीत घरच्या मंडळींचाही भाग आहे. हातमोज्यांचा दुसरा जोड आठवणीने पिशवीत घालणे हे काम आई किंवा आजी सहज करू शकेल. परंतु त्याहूनही अधिक उपयोगाची गोष्ट वडील मंडळींच्या हाती आहे. 'पाने वाढून ठेवली आहेत, किती वाजता पोहोचता?' असा तगादा वाटेत लागला, म्हणजे मुले टपरीवर थांबावयाचे टाळतात आणि आखडलेल्या बोटांनीच घाट उतरू लागतात. निघताना त्यांस स्पष्ट सांगावे, की हात गारठले तर थांबा. मुक्काम करावा लागला तरी करा. घरी उशिरा आलात म्हणून कोणी रागावणार नाही. हे एकदा मोकळ्या मनाने सांगितलेले असले, म्हणजे पावसातही मुले निर्धास्तपणे थांबतात, आणि घरची माणसेही निर्धास्तपणे वाट पाहू शकतात.